पथारी उठल्यावर

नंदुरबारात मिरचीच्या पथारीवर नवी बाई कामाला आली की तिला मी पहिल्याच दिवशी बजावून सांगायचे. पहिले पंधरा दिवस डोळे गळतील, नाक गळेल, ठसक्यानं जीव नकोसा होईल. मग डोळे मरतील आणि तू माणसात येशील. डोळे मरतात हा आमच्यातला शब्द. मेलेले डोळे म्हणजे मिरचीला सरावलेले डोळे. माझे मरून बावीस वर्षं झाली होती. मी मुकादमीण होते, हंगामात माझ्या हाताखाली तीस-पस्तीस बाया असायच्या, आणि त्या सगळ्यांची तोंडं एकत्र केली तरी माझं एकटीचं भारी पडायचं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. आमच्या घरातली माणसं सांगतील.

ज्यांनी पथारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ओली लाल मिरची पसरायची, उन्हात वाळवायची, दिवसातून दोनदा पलटायची, आभाळ भरून आलं की ताडपत्र्या घेऊन धावायचं, आणि वाळली की बसून देठ खुडायचे. दसऱ्यानंतर काम सुरू होतं आणि होळीच्या आगेमागे पथारी उठते, म्हणजे शेवटची पोती भरून गाडीत चढतात आणि जमीन झाडून मोकळी करतात. त्या पाच महिन्यांत तिथे कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर कुणी विचारत नाही. विचारायचं काय त्यात?

मी चार वर्षांपूर्वीच्या हंगामाबद्दल सांगते आहे. दिवाळीनंतर माझ्या डोळ्यांना पाणी यायला लागलं. सकाळी पथारीवर पाय ठेवला की सुरू, आणि दुपारी भाकरी खायला बसलं तरी थांबायचं नाव नाही. बाया चोरून बघायला लागल्या. मुकादमिणीच्या डोळ्यांना पाणी म्हणजे मास्तरला पाढे न येण्यासारखंच. मला भयंकर लाज वाटली आणि लाज वाटली की मी चिडते, हा माझा जुना रोग. मी नाकावरून दुहेरी रुमाल बांधला. रात्री धणे भिजत घालून सकाळी त्या पाण्यानं डोळे धुतले. पापण्यांना साजूक तूप लावलं. वारा कुठून येतो बघून बसायची जागा बदलली. कशानं काही होईना, तेव्हा मी ठरवून टाकलं की यंदाची मिरचीच खराब आहे.

आणि मग बळी शोधला. कोरीटचा एक शेतकरी आमच्याकडे दरवर्षी माल आणायचा, साधा माणूस, मान खाली घालून बोलणारा. त्याची गाडी आली आणि त्याच दिवशी माझे डोळे जरा जास्त गळले. मी त्याला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. कसलं बियाणं लावलंस, कसली पावडर मारतोस, माझ्या बायांचे डोळे फोडायचेत का तुला, असं काय काय बोलले. तो बापडा म्हणत होता की बियाणं मागच्या वर्षीचंच आहे. पण मी ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. माझ्या बायांचे डोळे मुळी गळतच नव्हते, गळत होते फक्त माझे, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकीला दिसत होतं. बोलायची छाती कुणाची नव्हती. पुढच्या हंगामात मी त्याची माफी मागितली तेव्हा कळलं की तो त्या दिवशी घरी न जाता थेट बियाण्याच्या दुकानात गेला होता आणि दुकानदाराशी कडाक्याचं भांडून आला होता. माझ्या डोळ्यांपायी त्या बिचाऱ्या दुकानदारानंही शिव्या खाल्ल्या.

डोळ्यांशिवाय दुसरंही बिघडलं होतं, पण ते मी मोजत नव्हते. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. भाकरीला चव नव्हती. मी लसूण-मिरचीचा ठेचा वाढवत गेले, तरी तोंडात माती. आमचे हे टेलर आहेत, दिवसभर मशीनवर, तोंडात टाचणी धरून बसायची सवय, त्यामुळे बोलणं आधीच कमी. त्यांनी एकदा विचारलं की तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय. त्यांनी टाचणी परत तोंडात धरली. मुलगा सुरतला कामाला. त्याचा फोन आला की पूर्वी मी अर्धा तास बोलायचे, आता दोन मिनिटांत त्याच्या बहिणीच्या हातात फोन द्यायचे. आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस, दसऱ्याच्या तोंडावर, माझी आई गेली होती. तिच्या दहाव्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागले होते आणि लोक म्हणाले, काय खंबीर बाई आहे. मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

लोक कारण विचारतात. आई गेली म्हणून का, मुलगा दूर म्हणून का, वय झालं म्हणून का. अहो, कारण एकच असतं तर मी त्याचं बखोट धरून त्याला उंबऱ्याबाहेर काढलं नसतं का?

त्यात त्याच हंगामात मुलीची सोयरीक जुळत आली होती. मुलगी चोवीस वर्षांची, शिकलेली, शाळेत शिकवायची. रागाच्या बाबतीत माझ्यावर गेलेली, बाकी सगळी बापावर. स्थळ सारंगखेड्याच्या बाजूचं, तापीकाठचं, घरची बागायती आणि मुलाचं खताचं दुकान. मुलाची आई माघात येऊन मुलगी बघून गेली. आमच्याकडे विहिणीला याहीण म्हणतात, आणि सोयरीक पक्की व्हायच्या आधीच मी तिला मनात याहीण म्हणायला लागले होते, इतकी ती मला आवडली. गोरीपान, कमी बोलणारी, नीटनेटकी बाई. तिच्या घरातला एक डबा वाकडा नसेल असं वाटायचं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा करू असं तोंडी ठरलं. माझ्या आयुष्यातली एवढी चांगली गोष्ट होत होती आणि मला आनंद होत नव्हता. मी तो करून दाखवत होते.

त्या वर्षी होळीच्या दहा-बारा दिवस आधीच पथारी उठली. शेवटची गाडी गेली, बायांनी जमीन झाडली, ठसकाही उडेना इतकी हवा मोकळी झाली. आमचे शेठ मुसलमान, तीन पिढ्या याच धंद्यात, वयानं माझ्याहून मोठे, आणि अहिराणी माझ्याहून चांगली बोलतात. सगळ्या बाया गेल्यावर मी रिकाम्या गोणपाटांच्या ढिगावर बसले होते आणि डोळ्यांतून धार लागली होती. शेठ पाण्याचा तांब्या घेऊन आले, शेजारी ठेवला आणि म्हणाले,

"मुकादमीण, मिरची ते गयी. आते हाई पानी कसानं शे?"

मी म्हटलं, धूळ आहे. धूळ नव्हती. जमिनीवर आत्ताच पाणी मारलं होतं. शेठ डोळ्यांच्या एका डॉक्टरचं नाव सांगून गेले आणि उद्याच जा म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरनं बत्ती मारून पाहिलं, पापणी उलटी करून पाहिलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. डोळे ठणठणीत आहेत म्हणाला. मग खुर्ची मागे सरकवून त्यानं विचारलं, झोप कशी लागते? मी भडकले. म्हटलं, डोळे दाखवायला आलेय, झोप दाखवायला नाही. तो हसला नाही, चिडलाही नाही. आणखी चार गोष्टी विचारल्या, भूक, काम, मन लागतं का. मी त्यांची तिरकस उत्तरं दिली आणि तरी त्याला जे कळायचं ते कळलं. त्यानं एक चिठ्ठी लिहून दिली. मला वाटलं औषध असेल, म्हणून मेडिकलवर दिली. तिथल्या पोरानं ती वाचली आणि पाच गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा सांगितलं की मावशी, हे औषध नाही, सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरला दाखवा असं लिहिलंय, दर मंगळवारी. मी चिठ्ठी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि पोलक्यात खुपसली. घरी येईपर्यंत वाटेत कुणी ओळखीचं दिसतंय का तेच बघत होते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? आमच्या भागात सोयरीक जुळवताना लोक चार पिढ्यांचं खणून काढतात. कुणाला फिट येत होती, कोण घर सोडून गेला, कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला होता. वेड रक्तात उतरतं असं आजही चांगले शिकलेले लोक मानतात. आई मनाच्या डॉक्टरकडे जाते म्हटल्यावर पोरीचं काय होणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण दहा वर्षांपूर्वी मी स्वतः माझ्या चुलतभावासाठी आलेलं एक स्थळ याच कारणानं मोडायला लावलं होतं. मुलीचा बाप गुमसुम बसतो एवढंच ऐकलं होतं मी. तेवढ्यावर मी सगळ्यांना पटवलं. ती मुलगी कुठे आहे मला माहीत नाही. त्या चिठ्ठीनंतर तिची रोज आठवण यायची.

म्हणून ठरवलं, लग्न होईपर्यंत कळ काढायची आणि गप्प राहायचं. लग्न झालं की मग माझं काय व्हायचं ते होवो.

दोन आठवडे काढले तसे. काम नव्हतं, त्यामुळे जास्तच वाईट. पथारीवर निदान ओरडायला माणसं होती. एका सोमवारी दुपारी मी भाकरी थापत होते. परातीत पीठ मळलेलं, तवा तापलेला, आणि माझे हात थांबले. भाकरी थापायची कशी हे आठवेना असं नाही. थापून काय करायचं ते कळेना. तवा धूर सोडायला लागला तरी मी तशीच. मुलगी शाळेतून आली, तिनं आधी गॅस बंद केला, मग माझ्यासमोर फरशीवर बसली. काय झालं तिनं विचारलं नाही, नुसती बसून राहिली, आणि कदाचित म्हणूनच माझ्या तोंडून निघालं. मी म्हटलं, मला आता जगायचाच कंटाळा आलाय. म्हटलं आणि माझी मीच दचकले. इतके महिने ते आत होतं आणि मला ते वाक्य म्हणून माहीत नव्हतं.

मग सगळं सांगितलं. चिठ्ठी दाखवली. लग्नापर्यंत थांबायचं ठरवलंय हेही सांगितलं. मला वाटलं पोरगी रडेल. ती लालबुंद झाली, थेट माझ्यासारखी.

"तू मरी गयी ते मन्हं लगीन वरीसभर थांबीच ना? तेन्हापेक्षा केसपेपर काढू."

मी त्या परिस्थितीत हसले. खरंच हसले. असं कुणी बोलतं का आईला? पण तिचा हिशोब चोख होता, त्यात चूक काढता येईना. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तिनं रजा टाकली. यांनी दुकान बंद ठेवलं, जे ते दिवाळीतसुद्धा ठेवत नाहीत, आणि आम्ही तिघं रिक्षात बसून गेलो.

दवाखान्यात त्या खोलीबाहेर लांब बाक होता. मी पदर नाकापर्यंत ओढला होता. बघते तर निम्म्या बाया तशाच, आणि पुरुषांनी तोंडाला रुमाल गुंडाळलेले. सगळे एकमेकांपासून लपत होते आणि सगळे एकाच बाकावर बसलो होतो. फक्त एक माणूस उघड्या तोंडानं बसला होता. मोलगीकडचा, पहाटेच्या जीपनं डोंगर उतरून आलेला, पन्नाशीचा. तो सगळ्यांना सांगत होता की त्याचं डोकं बिघडलं होतं, रानात जाऊन बसायचा, जेवायचा नाही, आता गोळी घेतो, आता झोप येते, आता मका पेरतो. ताप आला होता असं सांगावं तसं सांगत होता. डोंगरातली माणसं लहान-मोठं सगळ्यांना तूच म्हणतात. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, तुला काय झालंय? मला राग आला. मग काय झालं कोण जाणे, मी पदर थोडा मागे केला आणि त्याला सांगितलं. डोळ्यांचं, झोपेचं, भाकरीचं, सगळं. तो मान हलवत राहिला. म्हणाला, माझं पण असंच, बरं होतं. बरं होतं हे शब्द मला आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाकडून मिळाले, आणि मी त्याचं गावसुद्धा नीट विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. मला वाटलं ही काय सांगणार मला. पण तिला ऐकता येत होतं. मी बोलले, रडले, पुन्हा बोलले. तिनं विचारलं की पूर्वी कधी असं झालं होतं का. मी नाही म्हणणार होते, आणि एकदम आठवलं. ही मुलगी झाली तेव्हा, बाळंतपणानंतर दोन महिने मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. पोर रडायची आणि मला ऐकू यायचं नाही. सासूनं मीठ-मिरची उतरवली, भगताला आणलं, त्यानं धागा बांधला, आणि हळूहळू माझी मी उठले. त्यावर घरात कुणी कधी पुन्हा बोललं नाही. मग माझी आई आठवली. तीसुद्धा काही काही दिवस अशीच व्हायची. बोलायची नाही, नदीवर जायची आणि स्वच्छ कपडे परत परत आपटत बसायची. आम्ही म्हणायचो, आई तापलीय आज, जवळ जाऊ नका. ती तापलेली नव्हती. तिला कुणी विचारलं नाही, आणि मीही त्या न विचारणाऱ्यांतलीच.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "याला नैराश्य म्हणतात. हा आजार आहे, तुमचा स्वभाव नाही. आणि हा बरा होतो."

मला किती सुटल्यासारखं वाटलं ते कसं सांगू. मी धरून चालले होते की मी आता अशीच आहे, वाया गेलेय, आतून नासले. आणि ही पोरगी सांगत होती की नाही बाई, तुला काहीतरी झालंय, तू ते नाहीस. मी तिला विचारलं, हे पोरीत उतरतं का. ती म्हणाली की घरात कुणाला असेल तर जरा लक्ष ठेवायचं, मधुमेहाचं ठेवतो तसं, आणि वेळेवर यायचं. लपवलं की मात्र वाढतं. बाहेर आले तेव्हा हे उभेच होते, बसलेच नव्हते इतका वेळ. मी म्हटलं, बरं होतंय म्हणे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, भर दवाखान्यात. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, चारचौघांत पहिल्यांदा.

गोळ्यांनी जादू केली नाही. पहिले तीन आठवडे मला नुसती मळमळ आणि तोंड कोरडं, मी दोनदा डबी फेकून दिली आणि मुलीनं दोनदा उचलून आणली. दर मंगळवारी जाऊन बोलायचे. सकाळी चालायला सांगितलं होतं, तर चिडत चिडत चालायचे. मग चौथ्या आठवड्यात एकदा शेजारीण मेथी परतत होती आणि मला भूक लागली. नुसता वास आला आणि भूक लागली. मी उभ्या उभ्या दीड भाकरी खाल्ली. त्याच आठवड्यात कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आलं आणि मी घाबरून सुरी खाली ठेवली. पाणी थांबलं. कांद्याचंच होतं ते. मी उरलेले दोन कांदेही चिरून टाकले, गरज नसताना, आणि यांना बोलावून दाखवलं.

अजूनही मी जाते, आता तीन महिन्यांतून एकदा. राग गेलेला नाही, तो माझाच आहे असं डॉक्टरीणबाईनं स्पष्ट सांगितलंय, त्याला गोळी नाही. फरक इतकाच की पथारीवर आता कुणाचे डोळे पंधरा दिवसांच्या पुढे गळले तर मी जवळ बसून विचारते. दोघींना त्या बाकापर्यंत घेऊन गेलेय. त्यातल्या एकीनं वाटेत मला शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या.

पण मला सांगायचंय ते सोयरिकीचं. मला बरं वाटायला लागलं, आखाजी पंधरा दिवसांवर आली, आणि माझ्या मनात टोचायला लागलं. हे म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता कशाला उघडतेस? गोळ्या घरात, तोंड बंद, कुणाला कळणार आहे? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, ते बाप होते. पण मी बावीस वर्षं मिरचीच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढत आले. वर लालभडक मिरची रचायची आणि खाली पांढरी पडलेली दडपायची, असं करणाऱ्याला मी गाडीसकट परत पाठवलंय. आणि आता मीच वरचा थर दाखवून पोरगी द्यायची? मला ते जमेना. मुलीला विचारलं. मुलगा तिला खरंच आवडला होता, रोज फोन चालायचे. मग म्हणाली, सांग, नंतर कळून मला टोमणे बसण्यापेक्षा आत्ता कळू दे. म्हणाली आणि आत निघून गेली.

साखरपुड्याच्या तयारीचं बोलायला याहीण आली तेव्हा मी तिला एकटीला आतल्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचं, भाकरीच्या दिवसाचं, गोळ्यांचं. बाळंतपणानंतरचंही सांगितलं. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. माझं संपल्यावर तिनं मांडीवरचा पदर नीट केला, म्हणाली की उशीर झाला, गाडी चुकेल. आणि गेली. कुंकू लावायलासुद्धा थांबली नाही.

आठ दिवस फोन नाही. होणाऱ्या जावयाचा फोनही कमी झाला, आईनं त्याला काही सांगितलं नव्हतं आणि तो गोंधळलेला होता. हे माझ्याशी वाईट बोलले नाहीत, पण मशीन इतक्या जोरात चालवायचे की मला कळायचं. मुलगी शाळेतून आली की वह्या तपासायला बसायची. मी डॉक्टरीणबाईला सांगितलं की मी पोरीचं वाटोळं केलं. ती म्हणाली, अजून काही झालेलं नाही, वाट पाहा. वाट पाहणं मला कधी जमलंय? तरी पाहिली. नवल म्हणजे झोप लागत होती. इतकं सगळं होऊन झोप लागत होती, आणि मला त्याचीसुद्धा चोरी वाटायची.

नवव्या दिवशी दुपारी दार वाजलं. याहीण उभी होती, एकटी, घामाघूम, बसनं आलेली. सोबत मुलगा नाही, नवरा नाही. मला वाटलं, सोयरीक मोडायला आली. मोडायचं असेल तर बाई एकटी येत नाही, माणसं घेऊन येते, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी सुचलं नाही. मी तिला आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं. यांनी मशीन थांबवलं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. याहिणीनं तिला जवळ बोलावलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली की जा बाई, चहा ठेव, आम्हाला बोलायचंय. यांनाही तिनं नजरेनंच बाहेर काढलं.

मग सांगायला लागली की घरी सगळ्यांना सांगून आलेय, साखरपुड्याच्या साड्या बघायला नंदुरबारला चाललेय. मुलाच्या बापानं सांगितलंय की सुनेसाठी चांगली घ्या, हात आखडू नका. मला एवढंच ऐकू आलं, साड्या आणि सून. मी भिंतीला टेकले. ती तिथेच थांबली नाही. तिनं दाराकडे एकदा बघितलं, आवाज अगदी खाली आणला, आणि ती नीटनेटकी बाई माझ्या हाताला धरून म्हणाली,

"ती डाक्टरीण कोनता वारले बठस? माले अकरा वरीस व्हयी ग्यात."

मी म्हटलं, मंगळवारी. नऊच्या आत ये, नंतर रांग वाढते. मी फाटकात उभी राहते.